शालूची पेंढी

सामान सगळं अंगणात निघालं होतं. दोन लोखंडी पेट्या, गाद्यांची वळकटी, भांड्यांचं पोतं, पाळकसाहेबांच्या पुस्तकांचं खोकं... आणि घर सोडायला घटकाभर उरलेली असताना सत्यशीलाबाई हापशावरून घागरी भरून आणत होत्या आणि रिकाम्या स्वयंपाकघरातल्या रांजणात ओतत होत्या. मे महिन्याचं ऊन अंबडच्या पत्र्यांवरून नुसतं ठिणग्या उडवत होतं. हापसा तर असा रुसलेला, की दहा वेळा हापसावं तेव्हा एकदा धार यायची. तरी बाईंच्या चेहऱ्यावर दमल्याची रेघ नव्हती.

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला आणि शालू उतरली. जालन्याच्या एका दवाखान्यात ती सिस्टर होती. रात्रपाळी करून तशीच निघालेली, डोळे लाल, केसांची पिन अजून तशीच. दारात उभी राहून तिनं एकदा आईकडं पाहिलं आणि एकदा रांजणाकडं.

"हे काय चाललंय?"

"पाणी भरून राह्यले."

"ते दिसतंय. कुणासाठी?"

"येणारीसाठी. उद्या नवे पाळक येतील, त्यांची बायको येईल. उन्हाची बाई दारात उभी राह्यली अन् घरात घोटभर पाणी नसलं तर तिला कसं वाटंल?"

"तुला कसं वाटायचं?" शालू शांतपणे म्हणाली. "तुझ्यासाठी कुणी भरून ठेवला होता का कधी रांजण?"

सत्यशीलाबाईंनी पदरानं कपाळ टिपलं आणि पुन्हा घागर उचलली.

खरं होतं लेकीचं. चर्चचे पाळक असलेल्या साहेबरावांशी लग्न होऊन त्या पहिल्यांदा पाळकाच्या बंगल्यात आल्या, तेव्हा रांजणात पाण्याऐवजी वाळलेली पाल होती. बंगला म्हणायचं नुसतं, लोकांनी दिलेलं नाव ते. खोल्या तीनच, त्यातली एक गळकी. त्या दिवशी कोऱ्या लुगड्यातल्या त्या नवरीनं शेजाऱ्यांच्या दारी जाऊन पाणी मागितलं आणि मनात एक गोष्ट पक्की केली... आपण मोकळं घर मागं ठेवून कधी जायचं नाही. त्यानंतर प्रभूनं त्यांना किती गावं फिरवली! पण प्रत्येक घर सोडताना त्यांनी रांजण काठोकाठ भरला, डब्यात ज्वारीचं पीठ ठेवलं, मिठाची पुडी ठेवली, चुलीपाशी काडेपेटी ठेवली. पुढच्या गावी मात्र दर वेळी कोरडा रांजणच वाट पाहत असायचा. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट एक अभिमान होता, कुणाला न दाखवलेला, अंतःकरणात जपलेला... सत्यशीलानं सोडलेल्या घरात कुणी तहानलेलं राहिलं नाही.

आज मात्र पुढच्या गावाचं बोलावणंच नव्हतं. साहेबराव निवृत्त झाले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना आशीर्वाद देत फिरलेल्या त्या माणसाचं स्वतःचं एक छप्पर नव्हतं. शालूनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "जालन्यात मस्तगडला माझ्या दोन खोल्या आहेत. टेम्पो घेऊन येते." त्या आवाजात कर्तव्य होतं, माया नव्हती. नेमकं तेच सत्यशीलाबाईंच्या काळजात सलत होतं. आता उरलेलं आयुष्य लेकीच्या घरात काढायचं, तिच्या हातचं खायचं... आणि ती आपल्याशी पाहुण्यासारखी वागणार. आपली लेक या जन्मी आपल्याला परत मिळेल का, एवढाच एक प्रश्न त्या पहाटेपासून देवापुढं ठेवत होत्या.

बाहेर पेटीवर बसलेल्या साहेबरावांनी लेकीला जवळ बोलावलं. त्यांचा उजवा हात आता थरथरायचा. त्याच हातानं त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं.

"दमलीस का गं?"

"न्हाई बाबा." वडिलांशी बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा. "तुमच्यासाठी खिडकीपाशी खाट टाकलीय. उजेड चांगला येतो, वाचायला बरं."

"अन् तुझ्या आईला?"

"आईला काय, ती कुठंबी मान मिळवील."

आतून घागरीचा आवाज थांबला. मान... हा एक शब्द शालूनं गेली अठरा वर्षं जपून ठेवला होता, धार लावून. वेळ आली की काढायची आणि आईला एकच टोचणी द्यायची.

त्याची कथा अशी, की तेव्हा हे कुटुंब जालन्यात होतं. शालूला दहावीत इतके चांगले गुण पडले होते, की शाळेच्या मुख्याध्यापिका पेढे घेऊन घरी आल्या होत्या. डॉक्टर व्हायचं, हे पोरीनं कधीच ठरवलं होतं. कॉलेजात विज्ञानाला नाव लागलं. प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट सत्यशीलाबाईंनी स्वतः शिवला, आणि पोर तो आरशासमोर घालून मिरवत राहिली.

त्याच पावसाळ्यात गोदावरी कोपली. शहागडच्या अलीकडं नदीकाठी लिंबाची वस्ती होती. तिथली पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं आणि त्यांचं लहानसं प्रार्थनेचं देऊळ पाण्यानं धुऊन नेलं. वस्तीला पाळक नव्हता. दोघा पाळकांना विचारलं, तर दोघांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. मग वस्तीतला कडूबा नावाचा शेतकरी एके दुपारी जालन्याला आला आणि साहेबरावांच्या ओट्यावर बसला. त्यानं काही मागितलं नाही. खूप वेळानं खाली मान घालून म्हणाला, "पाळकसाहेब, बायको पुरात गेली माझी. माती दिली तवा प्रार्थनेला कुणीच नव्हतं. मंग मीच कायतरी बोल्लो. मला बोलता येत न्हाई. देवाला कळलं असंल का हो?"

स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या सत्यशीलाबाईंचे हात तिथंच थांबले. तवा तापून धुरकटला, तरी त्यांना भान नव्हतं.

कडूबा ओट्यावरच होता. साहेबराव आत आले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आपण नाही म्हणायचं. शालूची दोन वर्षं इथं काढायची. मुलींचं वसतिगृह त्याच साली बंद पडलेलं, जालन्यात नात्याचं कुणी नाही. पोरीला ठेवणार कुठं? पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "आपण जायचं."

"अगं, शालूचं काय?"

"शालूचं मी बघते. तुम्ही त्या माणसाला हो म्हणा. अहो, देवाला कळलं असंल का, असं विचारून राह्यलाय तो."

आणि शालूला कळलं तेव्हा ती रडली नाही. तेच भयंकर होतं. भिंतीला टेकून उभी राहिली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "मी रोज गुडघे टेकून मागितलं होतं. देवानं मला फसवलं." सत्यशीलाबाईंनी लेकीच्या डोळ्यांत पाहिलं... आणि त्यांना तिथं एक दिवा विझताना दिसला. पोरीचं शिक्षण बुडत होतं ते दिसत होतंच, पण त्याहून खोल काहीतरी बुडत होतं. त्या एका क्षणात, विचार करायलाही वेळ नसताना, ती आई जन्मात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलली.

"देवानं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी. मीच तुझ्या बाबांना बदली मागायला लावली. या शहरात मला कोण विचारतं? खेड्यात पाळकीणबाई म्हणून मान तरी मिळंल."

पाळकाच्या घरात बदली मागायची नसते आणि आलेली नाकारायची नसते, हा त्या घराचा धर्म. तो आईनं मोडला, आणि तोही मानासाठी! शालूच्या डोळ्यांत संताप पेटला. पण तो आईवर पेटला. आईनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पांढरा कोट शालूनं खुंटीवरच सोडला. अंबडला तोवर विज्ञानाच्या जागा संपल्या होत्या, म्हणून वस्तीतून एसटीनं तिथं जाऊन ती कला शाखा शिकली, पुढं परिचारिका झाली. तिची प्रार्थना सुटली नाही, उपासना चुकली नाही. सुटली ती फक्त आई.

साहेबरावांना हे खोटं पचलं नव्हतं. "मी तुझ्या खोट्यात येणार नाही," ते बायकोला म्हणाले होते. "पण आपणहून सांगणारही नाही. शालूनं मला विचारलं, तर खरं तेच सांगीन." अठरा वर्षांत शालूनं विचारलं नाही. तिला वाटायचं, बिचाऱ्या बाबांना त्या गोष्टीची आठवण तरी कशाला द्यायची.

...

सामान टेम्पोत चढत होतं. ड्रायव्हर कचरू मोठा बोलका गडी. पुस्तकांचं खोकं उचलताना कण्हला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, यात देवाचं वचन हाय का लोखंड?"

"उचलणाऱ्यावर असतं ते," साहेबराव हसले.

इतक्यात वेशीकडून एक म्हातारा येताना दिसला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात चपला आणि काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. एसटी स्टँडापासून तो चालत आला होता. चपला तुटल्या होत्या की झिजू नयेत म्हणून हातात घेतल्या होत्या, ते त्यालाच ठाऊक.

"सलाम पाळकसाहेब! मला वाटलं तुमी गेल्ते. एसटीनं दगा दिला."

"कडूबा!" साहेबराव उठून उभे राहिले. दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले.

सत्यशीलाबाई घागर खाली ठेवून बाहेर आल्या. कडूबाला पाहून त्यांना भरून आलं. पण पुढच्याच क्षणी त्यांची नजर शालूकडं गेली... हा आता तिच्यापुढं काही बोलून गेला तर?

"पाळकीणबाई, सलाम. आन् ही कोण... शालूताई न्हवं का ही?" म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यानं चपला खाली टाकल्या, डोक्याचा रुमाल काढला आणि वयानं लेकीसारख्या असलेल्या त्या पोरीपुढं हात जोडून उभा राहिला.

"कडूबा, आधी आत चला, चहा घ्या," सत्यशीलाबाई घाईनं म्हणाल्या.

"चहा कशात करता बाई, भांडी तर पोत्यात हाईत," कचरू म्हणाला.

"चहा मागून. आधी ज्याचं त्याला देऊ द्या." कडूबानं फडकं सोडलं. आत ज्वारीची पेंढी होती, कणसांसकट, सुतळीनं नीट बांधलेली. कणसं टपोरी, मोत्यासारखी. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून शालूच्या हातात ठेवली.

"ही तुमची, ताई. यंदाची."

"माझी?" शालू गोंधळली. "कडूबाबा, मी काही समजले नाही."

"हंगामाच्या उपासनेला समदे आपापलं पहिलं पीक आणतात," कडूबा सांगू लागला. "कुणी कोंबडी, कुणी भोपळा. उपासना झाली की लिलाव होतो, हसणं-खिदळणं होतं. पर पहिली पेंढी लिलावात जात न्हाई. ती शालूची पेंढी. देवळात वर्षभर टांगून राहती. पाळकसाहेब आमच्या वस्तीतनं गेले, त्या सालापासून. यंदा म्हटलं, पाळकसाहेब घर सोडून राह्यलेत, त्यांच्या लेकीची पेंढी तिच्या हातात तरी पडू द्यावी."

"पण का?"

आता गोंधळायची पाळी कडूबाची होती. त्यानं सत्यशीलाबाईंकडं पाहिलं. "हे काय वं बाई? आजून झाकूनच ठिवलंय का? आता सांगितलं तर काय बिघडतंय?"

"कडूबा..." बाईंनी हात पुढं करून त्याला थांबवू पाहिलं.

"न्हाई, आता मी म्हातारा झालो. मेल्यावर कुठं सांगू?" तो शालूकडं वळला. "आमी तुमच्या आईला पहिल्या दिवशी हार घालाया गेल्तो. देवळाच्या जागी नुसता चिखल, आन् त्या चिखलात आमी उभे. तर बाईंनी हार घेतला न्हाई. म्हनल्या, मला न्हाई, माज्या लेकीला. तिनं आपलं डाक्टरकीचं शिक्षण तुमच्यासाठी सोडलं, म्हणून तुमाला पाळक मिळाला. पर तिच्यापुढं बोलू नका म्हनल्या. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू द्यायचं न्हाई, अशी ती पोर हाय. आमी मंग तोंड शिवलं. पर हात कसे शिवणार?"

शालू पेंढीकडं बघत राहिली. एकाएकी तिला काय काय आठवू लागलं... त्या वस्तीतल्या बायका, वाटेत उगाच थांबून तिचा हात धरणाऱ्या आणि काही न बोलता पुढं जाणाऱ्या. अंबडच्या एसटीत तिच्यासाठी रुमाल टाकून धरलेली खिडकीची जागा, रोज, बिनबोभाट. तिच्या दप्तरात कुणी कधी घातल्या ते न कळता निघणाऱ्या मूठ-मूठ भुईमुगाच्या शेंगा. तिला वाटायचं, खेड्यातली माणसं, उगाच चौकस. आईच्या मानापायी आपल्याला ओढून आणलेल्या या गावाचा तिनं किती राग केला होता!

ती हळूच वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, बदली आईनं मागून घेतली होती ना?"

साहेबरावांनी दीर्घ श्वास घेतला. अठरा वर्षांचा श्वास असावा तो.

"आज विचारलंस," ते म्हणाले. "कुणी मागितली नव्हती, बाळ. मी नाहीच म्हणणार होतो. कडूबानं ओट्यावर बसून एक प्रश्न विचारला आणि तुझी आई म्हणाली, जायचं. ते मानाबिनाचं तिनं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी गप्प राहिलो. पाळक असून गप्प राहिलो."

कचरूनं हातातलं गाठोडं आवाज न करता खाली ठेवलं.

शालू आईकडं वळली. सत्यशीलाबाईंना वाटलं, आता ही गळ्यात पडेल. पण शालू पडली नाही.

"का? मला खरं सांगितलं असतं तर मी समजले नसते का?"

"सोळा वर्षांची होतीस. तुझे डोळे पाह्यले मी त्या दिवशी. देवानं फसवलं म्हणालीस." सत्यशीलाबाई शब्द शोधत बोलत होत्या. "राग कुठंतरी जाणारच होता, शालू. देवावर गेला असता तर तू देव सोडला असतास. मंग पुढं कधी दुःखात पडलीस, तर कुणाचं नाव घेतलं असतंस? माझ्यावर गेला तर काय, आई सुटंल. आईवाचून माणूस जगतं. माझ्यावरचा राग मला सोसत होता, बाळा."

"अन् वस्तीत माझं नाव कशाला सांगितलंस?"

"कारण खरं तेच होतं. गेलं होतं ते तुझंच. माझं काय गेलं होतं?"

"हो. माझंच गेलं." शालूचा आवाज फुटला. "माझं होतं, अन् तू मला न विचारता दिलंस. माझ्या नावानं दिलंस, पण मला विचारलं न्हाई. मी दिलंच न्हाई, आई. माझ्याकडून घेतलं गेलं. अन् हे लोक इतकी वर्षं माझ्या नावानं पेंढी बांधत आले... मी त्या मानाची धनीण न्हाई."

हे बोलणं सत्यशीलाबाईंच्या वर्मी लागलं. अठरा वर्षं त्यांनी आपल्या त्या खोट्याबद्दल देवाजवळ क्षमा मागितली होती, पण ही गोष्ट त्यांच्या मनात कधी आलीच नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चुकले मी. विचारायला पाह्यजे होतं. तू न्हाई म्हणशील, या भीतीनं विचारलं न्हाई. देवावर भरोसा ठेवला, पर तुझ्यावर न्हाई ठेवला."

कडूबा कावराबावरा झाला होता. आपण काय करून बसलो, ते त्याला उमगत नव्हतं. गोष्ट सावरायला म्हणून तो बोलून गेला, "जाऊ द्या ताई. माझंच चुकलं. मला वाटलं, तुमाला पेंढी द्यावी आन् पाळकसाहेबांना खोली हाय म्हनून सांगावं..." आणि जीभ चावून गप्प बसला.

"कसली खोली?" शालूनं विचारलं.

"काय न्हाई."

"कडूबाबा, कसली खोली?"

म्हाताऱ्यानं रुमालानं तोंड पुसलं. "देवळाच्या अंगाला बांधलीय. समद्यांनी मिळून. तीन वर्सं झाली, वस्तीला पाळक न्हाई. तरणी पोरं पुण्याला, संभाजीनगरला जाऊन राह्यली. दर रविवारी मीच घंटा वाजवतो आन् मीच कायतरी बोलतो. मला आजून बोलता येत न्हाई. लोक म्हनले, साहेब रिटायर होऊन राह्यलेत, त्यांना बोलवा. पर मी मागनार न्हाई, ताई. एक डाव आमी ओट्यावर येऊन बसलो, तर तुमचं आयुष्य घेऊन गेलो. दुसऱ्या डाव मागायचं तोंड न्हाई मला. मी निस्ती पेंढी द्यायला आल्तो."

बोलावणाऱ्या देवानं वाट दाखवायच्या आधीच निघायला सांगितलं तर निघायचं, असं साहेबरावांनी जन्मभर लोकांना शिकवलं होतं. पण आज त्यांची नजर बायकोवर होती. सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांसमोर ती वस्ती उभी राहिली, चिखलातून वर आलेलं ते देऊळ, घंटा वाजवून एकटाच उभा असलेला कडूबा... मन धावत सुटलं. पूर्वीची सत्यशीला असती, तर केव्हाच हो म्हणून मोकळी झाली असती. पण त्या आज लेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीपाशी टाकलेली खाट, लेकीच्या घरातला ऊबदार कोपरा, आणि आत्ता कुठं, इतक्या वर्षांनी, जवळ येऊ लागलेलं हे लेकरू... सगळं पणाला लागलं होतं.

"शालू," त्या म्हणाल्या, "तुला विचारते. आम्ही जाऊ का?"

शालूनं आईकडं पाहिलं. असा प्रश्न तिच्या आईनं तिला कधी विचारला नव्हता.

"न्हाई म्हणाले तर?"

"तर जालन्याला येऊ. मनापासून येऊ. तुझ्याच हातचं खाऊ, अन् कुरकूर करायची न्हाई."

"बाबा?"

"तुझी आई बोलली तेच माझं."

शालूनं पेंढी पेटीवर ठेवली, दारातली रिकामी घागर उचलली आणि हापशाकडं चालू लागली. दहा वेळा हापसलं, तेव्हा एकदा धार आली. रात्रपाळीनं दमलेल्या अंगानं ती हापसत राहिली, आणि अंगणातली माणसं नुसती बघत राहिली. घागर भरली. कमरेवर घेऊन ती आत गेली, रांजणात ओतली. पुन्हा बाहेर आली, पुन्हा गेली. रांजण काठाला येऊन पाणी जमिनीवर ओघळलं, तेव्हा थांबली. मग पिठाचा डबा उघडून पाहिला, काडेपेटी चुलीपाशी सरकवली आणि ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "आता मी देते. एकदा तू माझ्या नावानं दिलंस, त्याची पेंढी यांनी बांधली. ती फुकटची नको मला. आता खरी बांधा."

आणि मग ती आईच्या गळ्यात पडली. अठरा वर्षांचा कोरडा बांध असा फुटला, की सत्यशीलाबाईंचा खांदा भिजून गेला. दोघींपैकी कोण कुणाला सावरत होतं, ते बघणाऱ्याला कळलं नसतं. कडूबा रुमालात तोंड लपवून उभा होता आणि साहेबरावांचा थरथरणारा हात आकाशाकडं उचललेला होता.

"मॅडम," बऱ्याच वेळानं कचरू नाक पुसत म्हणाला, "मंग टेम्पो कोणीकडं? भाडं जालन्याचं ठरलं होतं."

"शहागडला घे. मी पण येते. खोली बघून येते."

"बराबर हाय. बघून घेतलेलं बरं."

...

अंबड मागं पडलं, मोसंबीच्या बागा मागं पडल्या. हायवेवरून लिंबाच्या वस्तीचा कच्चा रस्ता लागला. टेम्पोत पेट्यांच्या मधोमध आई आणि लेक खेटून बसल्या होत्या. शालूच्या मांडीवर पेंढी होती. ऊन लागू नये म्हणून तिनं आपली ओढणी दोघींच्या डोक्यावर ओढली होती.

"दर शनिवारी येणार मी," शालू म्हणाली. "सुट्टी मिळंल तेव्हा. एसटीत खिडकीची जागा धरायला सांग त्यांना."

"आता सांगायची गरज न्हाई."

वस्तीत टेम्पो थांबला तशी लेकरं गोळा झाली. कडूबानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "ही शालूताई. जिची पेंढी हाय ती."

एक चिमुरडी तोंडात बोट घालून बघत राहिली. "शालू म्हंजी माणूस असतंय व्हय? मला वाटलं, पेंढीलाच शालू म्हनतेत."

शालू हसली. हसता हसता खाली बसली आणि पेंढीतलं एक टपोरं कणीस मोडून तिनं त्या पोरीच्या हातात दिलं. सत्यशीलाबाई हे पाहत होत्या. आपली लेक डॉक्टर झाली नव्हती. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, साऱ्या मराठवाड्यात आपल्याएवढी श्रीमंत आई दुसरी नसेल. ऊर असा भरून आला, की त्यांनी पाठ फिरवली आणि नव्या खोलीचं दार ढकललं.

खोली साधीच होती. चुन्याचा वास होता. एका कोपऱ्यात नवी चूल, चुलीपाशी काडेपेटी. शेजारी पिठाचा डबा, त्यावर मिठाची पुडी. आणि दुसऱ्या कोपऱ्यात रांजण, ओल्या फडक्यानं झाकलेला.

सत्यशीलाबाईंनी फडकं उचललं. रांजण काठोकाठ भरलेला होता.

दारातून कडूबा ओशाळून म्हणाला, "तुमी गेल्या तवा आमचा रांजण भरून गेल्त्या, बाई. आमी बघितलं व्हतं."

शालू मागून आली. तिनं रांजणाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि तांब्या बुडवला. थंडगार पाणी होतं. तिनं तो दोन्ही हातांनी आईपुढं धरला.

"घे," ती म्हणाली. "दमली असशील."

सत्यशीलाबाईंनी तांब्या घेतला. लग्नानंतर प्रथमच त्या नव्या घरात भरलेल्या रांजणाचं पाणी प्यायल्या... आणि उरलेलं त्यांनी लेकीला दिलं.